नळ्यांची राखण

माझा भाऊ श्रीशैल वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून कुणीही त्याला चार शिव्या घालील. मीही घातल्या आहेत, पण तो हक्क मोठ्या बहिणीचा. लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्या, पत्र्याची शेडं, गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जे येईल ते काम. साखर कारखान्यांचा हंगाम जवळ आला की पुढच्या मोकळ्या जागेत ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांची अशी दाटी होते की अंग चोरून आत शिरावं लागतं.

अव्वा, म्हणजे आमची आई, गेल्यावर अप्पा त्याच्याकडे राहायला आले. अप्पा म्हणजे आमचे वडील, चंद्रप्पा. उदगीरच्या पलीकडे आमचं गाव. शेत बटईनं लावलं, बैल बटईदाराच्या दावणीला बांधले आणि अप्पा एका पिशवीत दोन धोतरं घालून लातूरला आले. वर्कशॉपच्या मागेच श्रीशैलचं घर. दामिनी, माझी भावजय, सासऱ्याला काही कमी पडू देणारी नाही. वेळेवर भाकरी, वेळेवर चहा, टीव्हीसमोर गादीची खुर्ची. पण जन्मभर उन्हात वावरलेल्या माणसाला गादीच्या खुर्चीत बसवणं म्हणजे शिक्षाच की. त्या खुर्चीत अप्पा आठवडाभरही टिकले नाहीत. सकाळी लिंगपूजा आटोपली, कपाळाला विभूती लावली, की ते वर्कशॉपच्या दारात स्टुलावर जाऊन बसू लागले.

तिथं बसून त्यांनी पहिली गोष्ट काय बघितली, तर जमिनीवर लोळणाऱ्या नळ्या. लोखंड कापायच्या टॉर्चला दोन नळ्या असतात, निळी ऑक्सिजनची आणि लाल गॅसची. शिवाय वेल्डिंगच्या मशीनची जाड काळी केबल. हा सगळा पसारा फरशीवर कसाही पडलेला असायचा. त्यावरून ट्रॉलीचं चाक जायचं, कापलेल्या पत्र्याचा धारदार तुकडा पडायचा, तापलेल्या लोखंडाचे निखारे उडून भोकं पडायची. नळी फुसफुसायला लागली की तेवढा तुकडा कापायचा आणि क्लिप लावून पुन्हा जोडायची. श्रीशैलच्या नळ्यांना इतक्या क्लिपा होत्या की मूळची नळी किती आणि जोड किती, हे सांगता आलं नसतं.

अप्पांचा मला नांदेडला फोन आला. मी शिवाजीनगरात कपडे शिवते. दुकान छोटं आहे, पण कॉलेजच्या पोरांच्या जीन्स आखूड करायला माझ्यासारखं कुणी नाही, असं मीच सांगते. अप्पा फोनवर कधी इकडचं तिकडचं बोलत नाहीत. म्हणाले, रेणुका, त्या पँटींचे कापलेले पाय तू टाकून देतीस का ठेवतीस? मी म्हटलं, पोतंभर आहेत. मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. नळीवरून चढवायला लांबच लांब खोळ शिवायची, एका बाजूनं उघडी, चिकटपट्टीनं बंद होणारी. कापड निव्वळ सुती पाहिजे. सुती कापड निखाऱ्यानं काळं पडतं, पण नायलॉनसारखं वितळून चिकटत नाही, हे त्यांना भुजंगनं सांगितलं होतं. भुजंग हा श्रीशैलचा जुना कारागीर, चाळिशी उलटलेला, टॉर्चवर हात बसलेला.

मी खोळी शिवल्या. शिवताना मला हसू येत होतं. कुठं मागचा खिसा राहिलेला, कुठं कंपनीचं लेबल. एसटीनं गाठोडं पाठवलं आणि पुढच्या वेळी गेले तर त्या वर्कशॉपमधल्या सगळ्या नळ्या जीन्स घालून उभ्या. उभ्या म्हणजे खरंच उभ्या, कारण अप्पांनी छताच्या अँगलला तार ताणून त्यावर हुक अडकवले होते आणि नळ्या जमिनीवरून वर नेल्या होत्या. जिथं चाक ओलांडून जाणं टळतच नाही, तिथं लोखंडी पन्हळीसारख्या चॅनलचा तुकडा पालथा घालून त्याखालून नळी काढली होती. कारागीर अप्पांची टिंगल करायचे, म्हणायचे, आमच्या अंगावर फाटक्या पँटी आणि नळ्यांना ब्रँडेड. अप्पा हसायचे. मी त्यांना अव्वा गेल्यानंतर हसताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी ते एकेक नळी मुठीतून सरकवत नेत. डोळे मिटलेले असायचे. बोटाला चीर लागली की थांबायचं, साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला की भुजंगला हाक मारायची. लहानपणी आमच्या विहिरीवर मोट होती. मोटेचा नाडा, म्हणजे बैल ओढतात तो जाड दोर, रोज असाच हातातून काढून बघायचं काम अप्पांकडे होतं. नाडा तुटला तर बैल तोंडावर आपटतात आणि मोट विहिरीत जाते. ती सवय इतक्या वर्षांनी कामाला येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. मला म्हणाले, बरं झालं आलो ते, हाताला काम गावलं.

श्रीशैलला हे आवडलं का? आवडलं, पण कबूल करायचा त्याचा स्वभाव नाही. तो आयटीआय शिकलेला, वर्कशॉप स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं, आणि चार माणसांदेखत बापानं 'अरं, ती नळी तिथं नको' म्हटलेलं त्याला खटकायचं. कारण अप्पा आता बोलू लागले होते. कुणी नळी ओढली, अप्पा बोलले. कुणी सिलिंडरला गुंडाळली, अप्पा बोलले. टॉर्च घेऊन स्वतः श्रीशैल वळला आणि नळीला पीळ बसला, तरी अप्पा बोलले. गिऱ्हाईक समोर असलं तरी त्यांना त्याचं काही नसे. शेतात कुठं गिऱ्हाईक असतं.

मग पोळा आला.

आमच्याकडे पोळ्याला बैलांची खांदेमळणी होते. खांद्यांना हळद-तेल चोळतात, शिंगं रंगवतात, कासरे, वेसणी, म्होरक्या सगळं धुऊन तेल लावून मऊ करतात. त्या वर्षी अप्पांचे बैल दुसऱ्याच्या दावणीला आणि अप्पा लातूरला. त्यांना गावी घेऊन जाऊन येते असं मी म्हटलं होतं, पण श्रीशैलला ट्रॉल्या तयार करून द्यायच्या होत्या, मला दुकान होतं, आणि अप्पा म्हणाले राहू दे. सकाळी त्यांनी दामिनीकडून करडीचं तेल वाटीभर मागून घेतलं. तिला वाटलं, गुडघ्याला लावत असतील. अप्पा वर्कशॉपमध्ये गेले आणि खोळी काढून त्यांनी सगळ्या नळ्यांना, निळ्यासुद्धा, टोकापासून टोकापर्यंत तेल चोळलं. उन्हानं रबर कडक होतं, तडकतं, हे त्यांनी बघितलं होतं. चामड्याला तेल लावलं की ते टिकतं, तसंच रबरही टिकेल, असा सरळ हिशोब.

ऑक्सिजनजवळ तेल चालत नाही. तेलाचा थेंब आणि दाबाचा ऑक्सिजन एकत्र आला की काडी ओढावी लागत नाही, आपोआप पेट घेतो. हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, पण अप्पांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांना कामाला कुणी लावलं नव्हतं ना, ते आपणहून लागले होते.

श्रीशैलनं निळी नळी हातात घेतली आणि त्याचा हात चिकट झाला. पुढचं मला भुजंगनं सांगितलं. श्रीशैलनं टॉर्च बंद करून खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर, दोन गिऱ्हाइकं उभी असताना, बापावर ओरडला. सगळ्यांना उडवायचं का तुम्हाला, असं काहीबाही. घाबरला होता तो, हे मी मान्य करते. भीतीनं माणूस ओरडतो. पण शेवटी जे बोलला ते भीतीचं नव्हतं, ते आधीपासून साठलेलं होतं.

"अप्पा, हे वावर न्हाई. हितं मला इचारल्याबिगर कशाला हात लावायचा न्हाई, आन् हितं मला शिकवायचं न्हाई."

अप्पांनी मान हलवली. मग बादलीत साबणाचं पाणी केलं आणि दिवसभर बसून सगळ्या नळ्या धुतल्या, पुसल्या, पुन्हा धुतल्या. भुजंग हाताला धरून उठवायला गेला तर म्हणाले, न्हाई रं, चूक माझी हाय. त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये त्यांचा आवाज बंद झाला. हात चालू राहिले. नळ्या तपासायचे, हुकाला अडकवायचे, पण काही दिसलं की श्रीशैलकडे बघायचे आणि त्यानं मान हलवली तरच पुढं व्हायचे. श्रीशैल कामात. दहा वेळा त्यांनी बघितलं तर एखादवेळी त्याचं लक्ष जायचं. आता शांतता आहे म्हणून तो खूष होता. दामिनीला म्हणाला, अप्पांना बरोबर समजलं.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पूजतो. शेतकरी विळे-कुऱ्हाडी, शिंपी कात्री, मी तर मशीन पूजते. श्रीशैलच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी सगळं झाडून पुसून, फरशी धुऊन, दारात रांगोळी काढून झाली. दरवर्षी हत्यारं जिथल्या तिथं पूजायचे, त्या वर्षी दामिनीला हौस आली. मोठ्या फळीवर नवीन कापड अंथरून सगळं मांडू म्हणाली. पाने, हातोडे, ग्राइंडर, टॉर्च मांडले, आणि सिलिंडरच्या माथ्यावरचे ते घड्याळासारखे काट्यांचे रेग्युलेटरही पितळेचे, चकचकीत, शोभून दिसतील म्हणून खोलून आणून ठेवले. शेजारपाजारचे लोक आले, आरती झाली, पेढे वाटले. मी त्या दिवशी नांदेडला होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. भुजंगनं ऑक्सिजनच्या सिलिंडरला रेग्युलेटर जोडला, पान्यानं आवळला आणि चावी उघडली. नुसता एक भडका उडाला, म्हणतात. रेग्युलेटर आतून पेटला, निळी नळी तोंडापाशी फुटली आणि ज्वाळा भुजंगच्या उजव्या हातावरून गेली. श्रीशैलनंच उडी टाकून, पोतं गुंडाळलेल्या हातानं चावी बंद केली. नाहीतर काय झालं असतं याचा विचारही नको. भुजंगला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण तळहात आणि बोटं भाजली ती भाजलीच.

आणि संध्याकाळी सगळे वर्कशॉपमध्ये जमले तेव्हा कुणी काही बोलायच्या आधीच सगळ्यांच्या नजरा अप्पांकडे गेल्या होत्या. तेल म्हटलं की अप्पा. पोळ्याचा प्रकार सगळ्यांना माहीत होता. श्रीशैल भुजंगच्या बायकोला, उज्वलाला, दवाखान्यात तोंड दाखवून आला होता. त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हणाला, सांगितलं होतं ना तुम्हाला. एकदा सांगितलं होतं ना. पुन्हा तेल लावलंच ना तुम्ही.

अप्पांनी नाही म्हटलं नाही. म्हणाले, "माझंच चुकलं." तेवढंच. दुसऱ्या दिवशी पिशवी घेतली आणि उदगीरच्या गाडीत बसले. दामिनीनं अडवलं, श्रीशैलनं अडवलं नाही.

मला कळलं तशी मी गावी गेले. घर झाडलेलं होतं, चुलीवर भात होता. मी विचारलं, अप्पा, खरंच तुम्ही तेल लावलं? त्यांनी ताट माझ्यापुढं सरकवलं आणि भुजंगचा हात कसा आहे ते विचारलं. पुन्हा विचारलं तर म्हणाले, जेव आधी. मला त्यांचा राग आला. म्हाताऱ्या माणसाला एक गोष्ट एकदा सांगितलेली कळू नये? असा विचार माझ्याही मनात आला, खोटं कशाला बोलू. पण जेवताना बघत होते, अप्पांनी भाताचा घास दोनदा तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

दिवाळीला भाऊबीजेसाठी लातूरला गेले. घरात फराळाचा वास होता आणि कुणाच्या तोंडावर दिवाळी नव्हती. दामिनी ओवाळणीचं ताट तयार करत होती. देवघरातून कुंकवाची पितळी वाटी काढली, तिच्या तळाशी काहीतरी वाळून बसलं होतं, ते ती नखानं खरवडायला लागली. निघेना. मी म्हटलं, गरम पाणी घाल. ती म्हणाली, पाण्यानं नाही जायचं अक्का, तेलातलं आहे. खंडेनवमीचं. लोखंडावर पाण्यातलं कुंकू टिकत नाही, ओघळतं, म्हणून दरवर्षी तेलातच कालवते.

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला अजून कळलं नव्हतं. मी विचारलं, आणि हत्यारांना बोटं कुणी लावली? ती म्हणाली, ह्यांनीच. मालकानंच लावायची असतात ना. रेग्युलेटरच्या पितळी तोंडावर तर छान गोल टिळा लावला होता, सगळे म्हणाले काय शोभून दिसतंय. असं म्हणता म्हणता तिचा हात थांबला.

आधी दरवर्षी रेग्युलेटर सिलिंडरवरच असायचे, टिळा काचेवर लागायचा, काही बिघडलं नाही. या वर्षी ते खोलून फळीवर मांडले होते आणि श्रीशैलनं टिळा नेमका सिलिंडरला जोडायच्या तोंडावर लावला. ऑक्सिजनजवळ तेल न्यायचं नाही हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण ते वर्कशॉपचं ज्ञान. त्या दिवशी वर्कशॉप नव्हतं, देऊळ होतं. कुंकू म्हणजे कुंकू, त्यात तेल असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मी सांगितलं तेव्हा श्रीशैल पाटावर बसला होता. ओवाळायचं राहून गेलं. तो लहान मुलासारखा रडला. मी त्याला रडू दिलं. खरं सांगायचं तर मला त्या वेळी त्याची दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गावी गेलो. अप्पा ओसरीवर दोर वळत बसले होते. आम्हाला बघून उठले, पाणी आणलं. श्रीशैलनं पाय धरले आणि सगळं सांगितलं, टिळा माझ्या हातानं लागला, तेल माझं होतं, तुमचा काही संबंध नव्हता. मला वाटलं अप्पांना धक्का बसेल. ते शांतपणे ऐकत होते.

"मला ठाव हाय," ते म्हणाले. "वाटी माझ्याच हातात व्हती की."

श्रीशैलनं वर बघितलं. पूजेला वाटी धरायला अप्पाच उभे होते, हे तो विसरून गेला होता.

"मग बोलला का न्हाई अप्पा? तुम्हाला तर कळत व्हतं."

अप्पांनी दोराचं टोक बोटांत धरलं होतं.

"तू म्हनला व्हतास, हितं मला शिकवायचं न्हाई. मी म्हनलं, तुला ठाव असंल. देवाच्या कामाला चालत असंल." मग म्हणाले, "पन भुजंगचा हात माझ्यापायीच गेला बग. मला दिसत व्हतं आन् मी गप बसलो. तू मला बोललास ते खोटं न्हवतं."

मी आत जाऊन चुलीपाशी उभी राहिले. चुलीत जाळ नव्हता. बाहेर श्रीशैलचा आवाज येत होता, तो काहीतरी समजावत होता, की नाही अप्पा, तुमची चूक नाही, आणि अप्पा त्याला हो हो म्हणत होते, जसं तापातल्या पोराला म्हणतात.

त्यांना आणायला पुढं दोनदा जावं लागलं. ते हट्टानं नाही म्हणत नव्हते, नुसतं म्हणायचे, आत्ता नको, तूर काढायची हाय. तूर निघाल्यावर आले. श्रीशैलनं सगळ्या कारागिरांना एकत्र बोलावलं आणि त्यांच्यासमोर सांगितलं की तेल अप्पांनी लावलं नव्हतं, मी लावलं, आणि अप्पांना बोललो ते सगळं चुकीचं होतं. ज्या माणसाला चूक कबूल करणं जमत नव्हतं त्यानं हे केलं, त्याचं मी कौतुकच करते. उज्वला आणि भुजंगही आले होते. भुजंगची बोटं आता पूर्ण मिटत नाहीत. टॉर्च धरता येत नाही म्हणून श्रीशैलनं त्याला माप घेण्याचं आणि माणसांवर लक्ष ठेवण्याचं काम दिलं आहे. त्यानंही अप्पांचे पाय धरले. अप्पा म्हणाले, झालं गेलं. श्रीशैल म्हणाला, अप्पा, आजपासून नळ्या तुमच्या. तुम्ही म्हणाल तसं. कुणाला काय बोलायचं ते बोला, मलासुद्धा.

मला वाटलं, मिटलं. मी नांदेडला परत आले आणि नव्या खोळी शिवायला घेतल्या, कारण आगीत निम्म्या जळाल्या होत्या.

संक्रांतीनंतर त्या घेऊन गेले. वर्कशॉपमध्ये तोबा गर्दी होती. ऊस जोरात सुरू होता, कुणाच्या ट्रॉलीचा दांडा मोडलेला, कुणाचा आस वाकलेला. अप्पा दारात स्टुलावर बसले होते. मी गाठोडं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी एक खोळ उलटून बघितली, शिवण चांगली आहे म्हणाले, आणि परत ठेवली. मी म्हटलं, चढवू या? ते म्हणाले, चढवत्याल पोरं.

मी आत गेले तर दामिनीनं हळूच सांगितलं, अक्का, काही हात लावत नाहीत. रोज येऊन बसतात. सकाळी नळ्या बघत नाहीत. हे दहा वेळा म्हणतात, अप्पा बघा की, अप्पा सांगा की. हो म्हणतात आणि बसून राहतात. त्यांच्या देखत पोरं नळी फरफटत नेतात, हे मुद्दाम नेऊ देतात, की आता तरी ओरडतील. ओरडत नाहीत.

मी दारात येऊन उभी राहिले. श्रीशैलनं मला बघितलं नव्हतं. तो ट्रॉलीच्या मागे होता. एक ट्रॅक्टर मागं घ्यायचा होता, ड्रायव्हर चढून बसला होता. तेवढ्यात श्रीशैलनं निळी नळी हुकावरून काढली, खोळ नसलेली, नवी, आणि बरोबर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या वाटेत फरशीवर आडवी टाकली. टॉर्च बंद होता, गॅस बंद होता, धोका काहीच नव्हता. टाकली आणि तो बाजूला उभा राहिला. अप्पांकडे बघत नव्हता, पण त्याची पाठ नुसती कान झाली होती. त्याला बापाची शिवी खायची होती. चार माणसांत, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं.

ट्रॅक्टर गुरगुरला आणि हळूहळू मागं यायला लागला.

अप्पांनी बघितलं. त्यांचे हात गुडघ्यांवरून उचलले गेले, ते अर्धे उठलेही. तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतील, आता म्हणतील, अरं डोळं फुटलं का. शेजारी भुजंग मापाची टेप घेऊन उभा होता. अप्पांनी त्याच्या बाहीला हात लावला आणि खालच्या आवाजात म्हणाले,

"भुजंग, मालकाला इचार, नळी उचलू का म्हनून."

भुजंगला विचारायची गरज पडली नाही. श्रीशैल चार पावलांवर होता, त्याला ऐकू गेलं. त्यानं हात वर करून ट्रॅक्टर थांबवला. काही वेळ तो तसाच उभा होता, हात वर केलेला, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. मग तो म्हणाला, "उचला, अप्पा."

अप्पा गेले, वाकून नळी उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि हुकाला नीट अडकवली. मग परत येऊन स्टुलावर बसले.